एका राशीची सरकी

कस्तुराबाई वाव्हळेच्या उजव्या अंगठ्याचं नख बाकीच्या नखांपेक्षा बोटाच्या पेराएवढं पुढं आलेलं असायचं. हौस म्हणून नव्हे. हौस करायला तिला वेळ कुठला! त्या एका नखाच्या जोरावर तिने चौदा वर्षं भागीदारी केली, आणि तीही गावच्या भुजंगरावाशी, ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आणि ज्याच्या काळ्या रानाची पालमच्या बाजारापर्यंत ख्याती.

काम होतं संकरित कापसाचं बियाणं तयार करायचं. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना ते खेळ वाटेल. रानात मादी वाणाच्या ओळी, कडेला नर वाणाची ओळ. उद्या उमलणारी कळी आज दुपारीच हेरायची. नखाने तिला गोल चिरायचं, पाकळ्या आणि आतला पिवळा पराग सगळा उपसून काढायचा, मधली नाजूक काडी मात्र शाबूत ठेवायची आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल त्या काडीवर फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. अशा हजारो कळ्या, दोन अडीच महिने, रोज. एखादी कळी सोलायची राहिली तर ती आपल्याच परागाने फळते, आणि तिची सरकी सगळ्या बियाण्यात भेसळ करून बसते.

कस्तुराबाईच्या हाताखाली बौद्धवाड्यातल्या वीस बाया होत्या. तिचा एकच नियम होता. कळी सुटली तर जिची सुटली तिने स्वतः ओरडून सांगायचं. सांगणारीला कुणी बोल लावायचा नाही. लपवलं आणि मागून कळलं, तर मात्र ती बाई दुसऱ्या दिवशी रानात दिसायची नाही. म्हणून तिच्या रानात सारखं ऐकू यायचं, "अक्का, माझी एक ऱ्हायली गंऽ", आणि कस्तुराबाई ओळीतून वाट काढत जाऊन ते फळलेलं फूल खुडून टाकायची. इतकं साधं होतं ते. पण सगळ्या तालुक्यात कुणाला जमलं नाही.

भागीदारी झाली त्याला कारण अठ्ठ्याहत्तरचं साल. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव तिकडे मुंबईत झाला आणि इकडे मराठवाड्यात आमच्या शहाण्या माणसांनी गरिबांची घरं पेटवली. आमच्या बोरखडी गावातही एका दुपारी माणसं जमली. हातात कुऱ्हाडी, रॉकेलचे डबे. सगळी ओळखीची तोंडं. कस्तुराबाई तेव्हा तिशीची, नवरा लिंबाजी तापाने जाऊन दोन वर्षं झालेली, पदरात चार वर्षांची गीता. ती दाराला आतून टेकून उभी होती. बौद्धवाड्याच्या तोंडाशी भुजंगरावाचा आखाडा होता, म्हणजे शेतातलं गोठ्याचं घर. भुजंगराव, पंचविशीचा पोरगाच तो, आखाड्यातून बाहेर आला आणि वाटेत आडवा उभा राहिला.

"हितून पुढं जायचं आसंल तर आदी माझ्या आखाड्याला काडी लावा," तो म्हणाला. "मंग जावा कुटं जायचं तिकडं."

एवढंच. भाषण नाही, हातघाई नाही. माणसं थोडा वेळ कुरकुरली, त्याच्या आईचा उद्धार केला, आणि परत फिरली. पुढे वर्षभर त्याच्या भाऊबंदांनी त्याला पंगतीला बोलावलं नाही. पण ते वाक्य दाराच्या फटीतून कस्तुराबाईने ऐकलं होतं, आणि वेळ आली की हा माणूस बोलतो, ही गोष्ट तिने मनात पक्की करून टाकली. पक्की म्हणजे इतकी की पुन्हा कधी तपासून पाहिली नाही.

दुसऱ्या वर्षी बियाणे कंपनीचे सिताराम साहेब गावात आले. परभणीच्या कचेरीचे ते मॅनेजर. पिकल्या मिशांचा, जाड भिंगाचा माणूस. बांधावर आले की पायातले बूट काढून हातात घ्यायचे आणि ओळीत शिरायचे. भुजंगरावाचं रान त्यांना पसंत पडलं. मग त्यांनी बायांची कामं पाहिली आणि कस्तुराबाईने सोललेली कळी भिंगाखाली धरून कितीतरी वेळ बघत बसले.

"भुजंगराव, रान मला पन्नास ठिकाणी मिळेल," ते म्हणाले. "हा हात मिळायचा नाही. यांना मजुरीवर ठेवू नका. भागीदार करा."

भुजंगरावाने तिथल्या तिथं होकार दिला. रान, पाणी, खत त्याचं. बाया आणि हात तिचे. येईल त्यात निम्मं निम्मं. कागद नव्हता, जबान होती. कंपनीच्या रजिस्टरात नाव एकट्या भुजंगरावाचं लागायचं, पण सिताराम साहेब आले की पहिली हाक कस्तुराबाईला मारायचे. "काय म्हणतंय रान, अक्का?" तिने "बरं हाय" म्हटलं की ते वहीत लिहायचे. ती गप्प राहिली की बूट काढून ओळीत शिरायचे.

आणि या भागीदारीचा एक दस्तूर होता. कापूस जिनिंगला जाऊन सरकी घरी आली की आखाड्यावर गोणपाटाचं चवाळं अंथरून तिची रास करायची. सगळ्या रानाची मिळून एकच. भुजंगरावाची आई धुरपताबाई राशीला हळदकुंकू लावायची. कस्तुराबाई तेवढा वेळ बाजूला उभी राहायची, बौद्ध म्हणून तिला ते चालत नव्हतं आणि म्हातारीलाही ते माहीत होतं. पण पहिलं टोपलं भरायचं ते दोघांच्या चार हातांनी. ते टोपलं मोजताना "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं. आणि माप पुरं होईस्तोवर रास फोडायची नाही, म्हणजे तिचे दोन ढीग करायचे नाहीत. रास फुटली की भागी फुटली, असं धुरपताबाई सांगायची. पहिल्या वर्षी भुजंगराव म्हणाला, "म्हण अक्का," आणि कस्तुराबाई लाजत लाजत म्हणाली, "लाभ." अशी चौदा वर्षं ती म्हणत आली.

ब्याण्णव साली सिताराम साहेब निवृत्त होऊन अकोल्याकडे निघून गेले. जागी मुळावकर साहेब आले. वयाने तरणे, इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. ते वाईट होते असं म्हणता आलं असतं तर ही गोष्ट सोपी झाली असती. ते कुणाला अरे-तुरे करायचे नाहीत, कुणाच्या घरचं खायचे नाहीत, कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. फक्त जीपमधून खाली उतरायचे नाहीत. जीप बांधावर थांबायची, भुजंगराव जीपपाशी जायचा, काचेतून बोलणं व्हायचं. कस्तुराबाई ओळीत उभी राहून बघायची की आता हाक येईल. हाक काही आली नाही.

त्याच वर्षी कचेरीत कंप्यूटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, थंड हवेची. आत जाताना साहेबसुद्धा बूट बाहेर काढायचे. गीता आता परभणीला शिकायला होती, तिने ते पाहिलं आणि आईला येऊन सांगितलं तेव्हा कस्तुराबाई हसली. "आगं, सिताराम साब रानात काडायचे, हे खोलीत काडतेत. कुटं तरी काडतेत, हेच लय झालं."

कंप्यूटरात भागीदारीला रकाना नव्हता. एका ओळीत एक नाव, एक नंबर, एवढंच तो जाणायचा. मग मुळावकरांनी भागीतल्या चार एकरांचे कागदावर दोन तुकडे केले. एकेचाळीस नंबर भुजंगराव, बेचाळीस नंबर कस्तुराबाई. खरं सांगायचं तर ती त्या दिवशी सुखावली. चौदा वर्षांत पहिल्यांदा कंपनीने तिचं नाव लिहिलं होतं. कडेला भोकं असलेला कंप्यूटरचा तो लांब कागद गीताने वाचून दाखवला. इंग्रजीत होतं, कस्तुराबाई लिंबाजी वाव्हळे. तिने गीताला तीनदा वाचायला लावलं, मग कागदाची घडी घालून ट्रंकेत, लिंबाजीच्या फोटोखाली ठेवली.

कागदासोबत सूचना होत्या. दोन नंबरांची सरकी वेगवेगळी ठेवावी, मिसळू नये, मिसळल्यास दोन्ही नंबर रद्द. गीताने तेही वाचून दाखवलं होतं.

सरकी घरी आली तेव्हा आखाड्यावर दोघं समोरासमोर उभी राहिली. मध्ये दोन चवाळी.

"काय करावं अक्का?" भुजंगराव म्हणाला. "साब म्हनायलाय, येगळी ठिवा."

"तुमी सांगा."

भुजंगरावाने आईकडे पाहिलं. धुरपताबाई खाटेवरून नुसती बघत होती. मग त्याने एक चवाळं पायाने बाजूला सारलं. "रास फोडायची व्हय कागदासाटी? न्हाई बा. त्यान्ला काय कळतंय रानातलं." आणि कस्तुराबाईला जे हवं होतं तेच तो बोलला, म्हणून तिने जास्त विचार केला नाही. सरकी एकाच ढिगात पडली. चार हातांनी टोपलं भरलं. ती म्हणाली, "लाभ." मग पोती भरली, तोंडं शिवली, आणि हाताला येईल तशा निम्म्या पोत्यांना एकेचाळीसच्या चिठ्ठ्या बांधल्या, निम्म्यांना बेचाळीसच्या. मालनबाई, तिच्या वीस बायांतली सगळ्यात जुनी, चिठ्ठ्या बांधताना म्हणालीसुद्धा, "कंची कुनाची, कुनाला ठावं!" सगळी हसली.

मे महिन्यात परभणीहून बोलावणं आलं. बियाण्याचा निकाल लागला होता. दोघं सकाळच्या एसटीने निघाली. तिकिटं नेहमीसारखी भुजंगरावाने काढली, दोन परभणी. गंगाखेडला त्याने तिला रसवंतीवर रस पाजला.

कचेरीत टेबलासमोर एक खुर्ची होती. साहेबांनी भुजंगरावाला बसा म्हटलं. तो बसला. कस्तुराबाई दाराजवळ भिंतीला लागून उभी राहिली. सिताराम साहेबांच्या काळात तिथं बाकडं असायचं, ते कुठं गेलं कोण जाणे.

मुळावकरांनी भोकांचा कागद उलगडला. "एकेचाळीस नंबर पास. उत्तम बियाणं आहे, भुजंगराव. अभिनंदन." मग बोट एक ओळ खाली आलं. "बेचाळीस नंबर नापास. भेसळ फार आहे." आणि तिच्याकडे मान वळवून ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुमच्या बायांनी कळ्या सोलल्याच नाहीत नीट. अंगचोरपणा केला. त्याचंच हे फळ."

एका राशीची सरकी, एका टोपल्याने भरलेली, निम्मी पास आणि निम्मी नापास! नमुन्याच्या पुड्या बदलल्या असतील, बटण दाबणाऱ्याने कुणाचा आकडा कुणापुढे घातला असेल, काय झालं ते कधीच कळलं नाही. पण त्या खोलीत दोन माणसं अशी होती की ज्यांना कागद खोटा आहे हे पुरतं माहीत होतं.

"साब, आमच्या हातानं आसं होत न्हाई," कस्तुराबाई म्हणाली.

"कंप्यूटर काय माझा सोयरा आहे का बाई, तुमच्यावर राग धरायला? तो आलेला आकडा दाखवतो."

तेव्हा तिने भुजंगरावाकडे पाहिलं. रास एकच होती, हे तीन शब्द तिच्या ओठांवर होते. ते तिने बोलले असते तर साहेबांनी ती नापास बाईची सबब धरली असती. त्याने बोलले असते तर साहेबांना ऐकावंच लागलं असतं. आणि ऐकलं असतं तर दोन्ही नंबर रद्द झाले असते, हेही दोघांना माहीत होतं. पण तिच्यासाठी प्रश्न नंबराचा नव्हता. चौदा वर्षांत ज्या हातांनी कळी लपवली नाही त्या हातांना कुणी अंगचोर म्हणालं होतं, आणि या एका माणसाने नाही म्हणायचं होतं. ती थांबली. घाई नव्हती तिला. त्याला बोलायला थोडा वेळ लागेल, कुऱ्हाडी आल्या त्या दुपारीही लागला होता.

भुजंगराव टेबलावरच्या पंख्याकडे बघत होता. पंखा इकडून तिकडे फिरत होता आणि कागदाचं टोक उडत होतं. त्याने ते टोक हाताने दाबून धरलं.

"साब, बगा की काई करता आलं तर," तो म्हणाला.

"काही करता येत नाही. बेचाळीस नंबर बंद होईल. तुम्ही असं करा, पुढच्या हंगामात चारही एकर तुमच्याच नंबरावर घ्या. बाया काय, दुसऱ्या मिळतील. गंगाखेडहून मजूर बायांची गाडी येते."

खोलीत पंख्याचा आवाज चालू होता.

"बरं," भुजंगराव म्हणाला.

झालं! एका "बरं"मध्ये चौदा वर्षं संपली. तो दुष्ट नव्हता. त्याची पोरगी त्या उन्हाळ्यात लग्नाची होती, विहिरीवर नवी मोटार बसवायची होती, आणि समोर साहेब आपल्याला खुर्ची देऊन गोड बोलत होता. अशा माणसासमोर खोटं ठरायला अंगात बळ लागतं. कुऱ्हाडवाल्यांसमोर उभं राहणं त्या मानाने सोपं असेल. पण कस्तुराबाईने का म्हणून समजून घ्यावं? आजवर सगळं तिनेच समजून घेतलं होतं.

परतीच्या एसटीत तो मागे बसला, ती पुढे, चालकाच्या मागच्या बाकावर. कंडक्टर आला तेव्हा मागून भुजंगरावाचा आवाज आला, "दोन पालम." तिने मागे न बघता कनवटीची पिशवी सोडली आणि म्हणाली, "माजं येक येगळं द्या." सिंगणापूर फाट्यापासून पालमपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. रडली नाही. घरी गेल्यावर चुलीपुढे बसून पोटभर रडली, आणि गीता काय झालं म्हणून विचारू लागली तेव्हा तिला जवळ घेऊन आणखी रडली.

सगळ्यात वाईट पुढेच होतं. बाया गोळा झाल्या. त्यांना निकाल सांगावाच लागला. मग मालनबाई, जिने स्वतः चिठ्ठ्या बांधल्या होत्या तीच, हळूच म्हणाली, "अक्का, आपल्या हातानं खरंच ऱ्हायल्या आस्तील का गं कळ्या?"

"येडी का खुळी तू? रास येकच नव्हती का?"

"व्हती की." मालनबाईने आपल्या नखाकडे पाहिलं. "मंग भुजंगराव काय बोल्ले?"

कस्तुराबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. भुजंगराव काही बोलले नाहीत असं म्हटलं असतं तर बायांनी त्याला शिव्या घातल्या असत्या, आणि काय सांगावं, अजूनही ते तिला ऐकवलं नसतं. ती गप्प राहिली म्हणून बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कुणाची राहिली असेल, कुणी लपवली असेल. ज्या रानात बाया ओरडून आपली चूक सांगायच्या, तिथल्या बाया त्या दिवसापासून एकमेकींवर संशय घेऊ लागल्या. हंगाम आला तेव्हा पाच जणी गंगाखेडहून आलेल्या बायांबरोबर भुजंगरावाच्याच रानात मजुरीने गेल्या. कस्तुराबाईने त्यांना अडवलं नाही. तिने खुरपं घेतलं आणि दुसऱ्यांच्या ज्वारीत निंदायला जाऊ लागली. नख मात्र तिने कापलं नाही. खुरप्याच्या मुठीला अडायचं, मोडायचं, पुन्हा वाढायचं.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. सोळा वर्षांनी. बौद्धवाड्यात निळ्या पताका लागल्या, गीताने परभणीहून पेढे आणले, म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले. कस्तुराबाईने दारोदार पेढे वाटले. एक पेढा तिच्या हातात उरला होता तेव्हा वाड्याच्या तोंडाशी, बरोबर त्याच जागी, भुजंगराव उभा दिसला.

तो अंगणात आला. बसा म्हटलं तरी बसला नाही. केस कानशिलावर पांढरे झाले होते. तिने पेढा दिला, त्याने तो हातातच धरला.

"सरकी आलीया," तो म्हणाला. "रास घातलीय. पन माय हात लावू द्येईना. म्हनायलीय, कस्तुरा येऊन लाभ म्हनल्याबिगर माप करायचं न्हाई. चार दिस झाले, रास तशीच पडलीय."

"नंबर कुनाचा हाय?"

"माजाच. चारीबी एकर."

"मंग तुमीच म्हना लाभ."

तो खाली बघत उभा राहिला. पलीकडे पोरं घोषणा देत गल्लीतून गेली. त्यांचा आवाज लांब गेला. मग त्याचा आवाज फुटला. एवढा मोठा माणूस, पेढा मुठीत चुरगाळून लहान लेकरासारखा हुंदके देऊ लागला.

"अक्का," तो म्हणाला, "रास येकच व्हती. माजी आन तुजी येकच व्हती. तुज्या बायांची कायबी चूक नव्हती."

आठ महिने तिने त्या वाक्याची वाट पाहिली होती. खुरपताना, दळताना, एसटीचा आवाज आला तरी. आज ते वाक्य तिच्या स्वतःच्या अंगणात, तिच्या एकटीच्या कानांपाशी येऊन पडलं होतं. तिला वाटलं होतं की ऐकलं की बरं वाटेल. बरं काही वाटलं नाही. अंगातून काहीतरी निघून गेल्यागत वाटलं.

तिने पदराने डोळे पुसले.

"ते मला कशाला सांगायलाव, भुजंगराव?" ती म्हणाली. "मी तर तितंच व्हते."